पी ०.१९ आला म्हणजे चारही मशीन सारखी झाली का?

पत्र: ताई नमस्कार, मी अंबडला एका छोट्या टर्निंग शॉपमध्ये क्वालिटी बघतो, डिप्लोमा झालाय. आमच्याकडे चार सीएनसी लेथ आहेत आणि चारहींवर एकच पिन चालते, ओडी म्हणजे बाहेरचा व्यास २०.००० मिमी, प्लस मायनस १५ मायक्रॉन (०.०१५ मिमी). मागच्या महिन्यात कस्टमरकडून ओव्हरसाइज पीस परत आले, टॅग बघितले तर बरेचसे ४ नंबरचे. साहेब म्हणाले डेटा काढ आणि कुठलं मशीन खराब आहे ते सिद्ध करून दाखव. मी सकाळी ८ ते १२ दर तासाला प्रत्येक मशीनवरून एक पीस उचलला आणि २० च्या वर किती मायक्रॉन ते लिहिलं. १ नंबर: ३, १, ३, ५, ३. २ नंबर: ४, ६, ३, २, ५. ३ नंबर: ६, १०, ८, १०, ६. ४ नंबर: उणे ४, २, ४, ११, १२. एक्सेलमध्ये ॲनोव्हा लावला तर पी ०.१९ आला, म्हणजे चारही सारखी असंच ना? सेटर म्हणतो जोड्या लावून टी टेस्ट (दोन-दोन सरासरींची तुलना) कर, काहीतरी निघेलच. आणि साहेब म्हणतात मशीन ठीक असेल तर ४ नंबरवरचा पोरगाच नीट काम करत नाही, काढून टाकू. तो जूनमध्येच लागलाय, ऑफसेटला (साइज दुरुस्त करायला टूल किंचित सरकवायचं सेटिंग) हात लावायची त्याला अजून परवानगी पण नाही. बाकी तिन्हीवर जुने ऑपरेटर आहेत. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय, काय लिहू?

उत्तर:

सगळ्यात आधी एक सांगते, "चारही मशीन सारखी आहेत" हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहू नकोस. आणि पोरगा काम करत नाही हे तर अजिबातच नको, कारण तुझेच आकडे त्याच्या बाजूने बोलतायत, फक्त ॲनोव्हाच्या टेबलात ते दिसत नाहीत. कसं ते बघू.

तू पाठवलेले २० आकडे मी परत चालवून बघितले आणि तुझा हिशोब बरोबर आहे. सरासरी येतात ३, ४, ८ आणि ५ मायक्रॉन. ॲनोव्हा काय करतो, तर या चार सरासरींमध्ये किती अंतर आहे ते बघतो आणि ते अंतर प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या पसाऱ्याच्या (रीडिंग्ज किती विखुरलीत त्याच्या) मानाने मोठं आहे का तेवढं विचारतो. तुझ्या टेबलात बिट्वीन ग्रुप्सचा (मशीन-मशीनमधल्या फरकाचा) एमएस २३.३३ आलाय आणि विदिन ग्रुप्सचा (एकाच मशीनच्या आतल्या पसाऱ्याचा) १३.१३, भागाकार, म्हणजे एफ, १.७८. ३ आणि १६ डिग्रीज ऑफ फ्रीडमला हा भागाकार ३.२४ च्या वर गेला तर आपण फरक आहे म्हणतो, तो गेला नाही. पी ०.१९ म्हणजे मशीन खरंच सारखी असती तरी एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता १९ टक्के. इथपर्यंत सगळं ठीक.

पण आता तो १३.१३ कुठून आला ते बघ ना. विदिनच्या एसएसमध्ये (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज) १ नंबरचे ८ आहेत, २ नंबरचे १०, ३ नंबरचे १६ आणि ४ नंबरचे एकट्याचे १७६! एकूण २१० पैकी १७६ एका मशीनचे. ॲनोव्हा हे गृहीत धरून चालतो की चारहींचा पसारा साधारण सारखाच आहे, म्हणून तो सगळ्यांचा पसारा एकत्र करून एकच आकडा काढतो. मग ४ नंबरचा गोंधळ बाकी तिघांच्या माथी बसला, आणि त्या गोंधळात ३ नंबरचं मशीन सरळ ४-५ मायक्रॉन वर बसलंय ते झाकलं गेलं. पटत नसेल तर ४ नंबर बाजूला काढून तिघांचाच ॲनोव्हा लाव. एफ १२.३५ येतो आणि पी ०.००१ च्या आसपास. तेच आकडे, एक कॉलम कमी केला आणि उत्तर उलटं झालं.

म्हणून ॲनोव्हाच्या आधी पसारा सारखा आहे का ते तपासायचं असतं आणि ही पायरी शॉपमध्ये जवळजवळ सगळेच गाळतात, कारण एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसच्या मेनूत चार मशीनला लागेल अशी ती टेस्टच नाहीये. पण करता येते. प्रत्येक मशीनच्या आकड्यांचं मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) काढ, प्रत्येक रीडिंग त्यापासून किती लांब आहे ते चिन्ह सोडून पुढच्या कॉलममध्ये लिही, आणि त्या नवीन कॉलम्सवर तोच सिंगल फॅक्टर ॲनोव्हा चालव. झाली लेव्हीन टेस्ट, मीडियनवाली. तुझ्या डेटावर त्याचा एफ ४.४५ येतो, म्हणजे ३.२४ च्या वर. पसारा सारखा नाही. अशा वेळी साधा ॲनोव्हा सोडून वेल्चचा वापरायचा, तो प्रत्येक मशीनला त्याच्या स्वतःच्या पसाऱ्याप्रमाणे वजन देतो. मिनीटॅब असेल तर वनवे ॲनोव्हाच्या ऑप्शन्समध्ये इक्वल व्हेरिअन्सची टिक काढून टाक, आणि फुकटचं आर वापरत असशील तर त्यातलं वनवे टेस्ट मुळातच वेल्चचं उत्तर देतं. तुझ्या चारही मशीनवर वेल्चचा एफ ६.१८ आला, पी ०.०२ च्या आत. म्हणजे "फरक दिसत नाही" वरून आपण "फरक आहे" वर आलो, आणि यात कुठलीही चलाखी नाही, फक्त जे गृहीतक मोडलं होतं ते मानलं नाही एवढंच.

आता सेटरचं म्हणणं. चार मशीनच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक टी टेस्टला ५ टक्के खोट्या अलार्मची शक्यता ठेवली, तर सहा वेळा पत्ता उचलल्यावर एकदा तरी उगाच "फरक आहे" निघण्याची शक्यता सव्वीस टक्क्यांपर्यंत जाते. "काहीतरी निघेलच" हे तो बरोबरच म्हणतोय, तेच तर नकोय आपल्याला. जोड्याच बघायच्या तर ट्युकीची टेस्ट लावायची, ती सगळ्या जोड्या एकदम धरून खोटा अलार्म ५ टक्क्यांतच ठेवते. पसारा जुळणाऱ्या तीन मशीनवर ती लावली तर कमीत कमी फरक लागतो साधारण २.८४ मायक्रॉन. १ आणि २ मध्ये १ मायक्रॉनचा फरक आहे, सोडून दे. ३ नंबर मात्र १ पासून ५ ने आणि २ पासून ४ ने लांब आहे, तो खरा फरक.

आणि हा खरा फरक दोन मिनिटांत दुरुस्त होतो. ३ नंबरच्या एक्स वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.००८ टाक (प्रोग्रॅमिंग डायमीटरमध्ये आहे ना ते बघून घे), झालं. सरासरी इकडेतिकडे असणं हा लेथचा आजार नाहीच, ते सेटिंग आहे. मशीन खराब म्हणायचं असेल तर पसारा बघावा लागतो, तो ऑफसेट देऊन कमी होत नाही. साहेबांचा प्रश्न मशीनच्या तब्येतीचा आहे आणि ॲनोव्हा उत्तर देतोय सरासरीचं.

मग पसारा तर ४ नंबरचाच जास्त आहे, म्हणजे तेच खराब? थांब. इथे खरं काय ते आहे.

४ नंबरचे आकडे परत वाच, तू लिहिलेत त्याच क्रमाने. उणे ४, २, ४, ११, १२. एकदाही खाली आला नाही. पाच वेगवेगळे आकडे निव्वळ योगायोगाने चढत्या क्रमाने लागायची शक्यता १२० त एक असते. चार मशीन बघितली म्हणून हा हिशोब थोडा सैल धरायला पाहिजे, मान्य, पण इथे कारणही समोर आहे. ओडी टर्निंगमध्ये इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या टिपची) धार झिजली की टोक मागे सरकतं आणि पीसचा डाया वाढत जातो, त्रिज्येवर २ मायक्रॉन झिजली तर डायावर ४ दिसतात. तुझ्या पाच आकड्यांतून सरळ रेष काढली तर चढ येतो तासाला ४.१ मायक्रॉन. आणि ती रेष वजा केली तर १७६ मधले १६८ जातात, उरतात ७.९. बाकी मशीनचे किती होते? ८, १० आणि १६. रेषेचा चढ काढण्यात एक डिग्री ऑफ फ्रीडम खर्च होते ती धरून व्हेरिअन्स (पसाऱ्याचं माप) काढला तरी २.६ येतो, बाकीच्यांचे २, २.५ आणि ४ आहेत. म्हणजे चढ बाजूला काढला की ४ नंबरचं मशीन बाकीच्यांइतकंच शहाणं आहे!

ॲनोव्हाला हे कधीच दिसलं नसतं कारण त्याला क्रम कळतच नाही. त्याच्यासाठी तुझे पाच आकडे म्हणजे पिशवीतले पाच पीस, कुठला आधी कुठला नंतर त्याला काय. म्हणून कुठलीही टेस्ट लावायच्या आधी आकडे वेळेप्रमाणे ग्राफवर टाकायचे, साधा लाइन चार्ट, चार रंग. तुला हे पाच मिनिटांत दिसलं असतं आणि साहेबांना तर एफ-बिफ काही न सांगता पटलं असतं. तुझ्या रिपोर्टचं पहिलं पान तोच ग्राफ असू दे.

तीच रेष पुढे ओढून बघ. दुपारी १ वाजता १७ येतात, २ वाजता २१. वरची लिमिट १५. म्हणजे १२ च्या रीडिंगला सगळं ओके दिसलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आसपास मशीन टॉलरन्सच्या बाहेर गेलं, शिफ्ट संपेपर्यंत ओव्हरसाइज माल पडत राहिला. तुझ्या कस्टमरकडून परत आले ते ओव्हरसाइजच होते ना. परत आलेल्या बॉक्सवर वेळ लिहिली असेल तर ती नक्की बघ.

आता त्या पोराचं. बाकी तिन्ही मशीनचा चढ का दिसत नाही? इन्सर्ट तर तिथेही झिजतच असणार. जुने ऑपरेटर पीस मोजतात आणि कोणाला न विचारता दोन-तीन मायक्रॉन ऑफसेट देत राहतात, हाताला सवय असते, विचारलं तर "काही नाही ओ, थोडं मारलं" एवढंच सांगतात. तुझ्या पत्रातच लिहिलंयस की नवीन पोराला ऑफसेटला हात लावायची परवानगी नाही. मग तो करणार काय? पीस वाढताना बघत बसणार. त्याने सांगितलं असेल तर कोणी ऐकलं नाही, सांगितलं नसेल तर कोणाला सांगायचं हे त्याला कोणी सांगितलं नाही. या आकड्यांवर त्याची नोकरी घालवणं हा सरळ सरळ अन्याय आहे आणि तो तुझ्या सहीच्या कागदावर होणार आहे, म्हणून मी इतकं लांबण लावतेय.

आणि त्यातून अजून एक गोष्ट निघते. तू मशीनची तुलना केलीच नाहीस. १, २, ३ नंबरला तू मोजलंस मशीन अधिक अनुभवी माणसाचा हात, आणि ४ नंबरला नुसतं मशीन. मशीन आणि ऑपरेटर जोडीनेच बदलतायत, त्यामुळे फरक कोणाचा हे जगातली कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, एक्सेल नाही, मिनीटॅब नाही, कोणी नाही.

हे सोडवायची रीत शेतातूनच आलीय. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला, तिथे खतांच्या प्रयोगांचे ढीगभर आकडे पडले होते आणि त्यातूनच ॲनोव्हा उभा राहिला. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला विचार, नवीन खत नुसतं खालच्या काळ्या रानात टाकलं आणि जुनं वरच्या मुरमाड पट्ट्यात, तर घड चांगले आले ते खताने का जमिनीने हे सांगता येईल का? दोन्ही पट्ट्यांत दोन्ही खतं टाकावी लागतात, आणि कुठली ओळ कुठल्या खताला ते चिठ्ठी टाकून ठरवावं लागतं. तसंच इथे. प्रत्येक ऑपरेटर प्रत्येक मशीनवर बसला पाहिजे, चार दिवस, रोज फिरवून, आणि पहिल्या दिवशी कोण कुठे ते चिठ्ठीने.

सोमवारपर्यंत ते होणार नाही, माहितीये. पण एक सकाळ मिळाली तरी बरंच होईल. चारही मशीनवर एकाच ग्रेडचे नवे इन्सर्ट लाव, बार एकाच हीट नंबरचे (एकाच वेळी वितळवलेल्या स्टीलचे) घे, आणि ८ ते १२ चारहींचे ऑफसेट लॉक कर, जुन्या लोकांनापण हात लावायचा नाही. हे करताना सुरुवात २०.००० वरून करू नका, उणे ८ च्या आसपासून करा, नाहीतर तासाला ४ ने चढत १२ पर्यंत पीस बाहेर जातील आणि साहेब तुलाच धरतील. त्या चार तासांचा माल सगळा चेक करायचा. आणि दर तासाला एक नाही, लागोपाठचे तीन पीस उचल. लागोपाठच्या तिघांमधला फरक म्हणजे मशीनची स्वतःची थरथर, आणि तासातासातला फरक म्हणजे झीज, उष्णता, बाकी सगळं. हे दोन वेगळे काढता आले नाहीत तर मशीनबद्दल काहीच बोलता येत नाही.

झीज का उष्णता हापण प्रश्न आहेच, कारण सकाळी थंड मशीन सुरू केलं की तापेपर्यंत साइज सरकतेच. साधी युक्ती आहे, १० वाजता ४ नंबरचं इन्सर्टचं टोक बदल, बाकी काही बदलू नको. साइज परत सुरुवातीच्या जागी आली तर झीज, तशीच चढत राहिली तर मशीन तापतंय. बदलल्यावर टोक बसण्यात काही मायक्रॉन इकडेतिकडे होतात, तेवढं ध्यानात ठेव. झीज निघाली तर ४ नंबरला वेगळ्या ग्रेडचं इन्सर्ट, जास्त फीड किंवा बारीक झालेली कूलंटची धार असं काही आहे का ते बघ, हे बघायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही.

मोजण्याचं राहिलंच. मायक्रोमीटर ०.००१ लीस्ट काउंटचाच आहे ना? आणि पीस चकमधून काढल्या काढल्या मोजतोस का? २० मिमीचं स्टील १० डिग्री गरम असलं तर दोन मायक्रॉनच्या थोडं वर फुगतं, म्हणजे १ आणि २ नंबरमध्ये जेवढा फरक आला त्याच्या दुप्पट, नुसत्या गरमपणाने! ड्रॉइंगवरचं माप २० डिग्रीला धरतात आणि एप्रिल-मेमध्ये अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होतं ते तुला माहीतच आहे. पीस सगळे एकाच जागी अर्धा तास ठेव, मास्टर पिनपण तिथेच ठेव, मग मोज. कुठला पीस कुठल्या मशीनचा हे मोजणाऱ्याला कळू देऊ नको, नुसते कोड नंबर. वेळ असेल तर गेज आर अँड आर (मोजण्यातलाच फरक किती ते बघणारी चाचणी) करून घे, १० टक्क्यांच्या आत आलं तर निर्धास्त, ३० च्या वर गेलं तर आधी गेजचं बघ आणि मशीनच्या तुलनेचं नावच काढू नको.

क्रुस्कल-वॉलिस टेस्टबद्दल तू विचारलं नाहीस पण कोणीतरी सुचवेलच, डेटा नॉर्मल नाही म्हणून. ती रँकवर चालते, एखाद-दुसरं वेडंवाकडं रीडिंग असेल तर उपयोगी पडते, पण पसारा असा वेगवेगळा असताना तिच्या उत्तराचा अर्थ लावणं अवघड जातं आणि वेळेचा क्रम तर तिलाही कळत नाही. इथे नको.

तर सोमवारच्या रिपोर्टमध्ये मी असं लिहीन, तुझ्या भाषेत बदलून घे: "३ नंबरची सरासरी ८ मायक्रॉन वर आहे, ऑफसेट देऊन दुरुस्त केली. ४ नंबरला सकाळी ८ ते १२ डाया तासाला साधारण ४ मायक्रॉनने वाढताना दिसला, हाच वेग राहिला तर १ वाजायच्या आत वरची लिमिट ओलांडते. चढ वगळला तर ४ नंबरचा पसारा इतर मशीनइतकाच आहे. या मशीनवर ऑपरेटरला ऑफसेटची परवानगी नाही, इतर मशीनवर दिलेल्या ऑफसेटची नोंद नाही. पाच पीसवरून मशीन किंवा ऑपरेटरबद्दल निष्कर्ष काढलेला नाही. ऑफसेट लॉक करून चाचणी प्रस्तावित. तोपर्यंत ४ नंबरला दर तासाला मोजमाप आणि प्लस ८ झालं की सेटरने ऑफसेट द्यायचा."

साहेब म्हणतील चाचणीत प्रॉडक्शन जाईल. त्यांना सांग, प्रॉडक्शन जात नाही, पीस पडतच राहणार आहेत, फक्त चार तास चेकिंग जास्त आणि चार इन्सर्ट खर्च. परत आलेल्या एका लॉटच्या सॉर्टिंगला आणि गाडीभाड्याला किती गेले ते अकाउंट्समधून काढून शेजारी लिही, बोलायची गरजच पडणार नाही.

आणि जुन्या तिघांकडून ऑफसेटची वही सुरू करून घे, वेळ, किती मायक्रॉन, सही, बस. चिडतील, त्यांना वाटेल चूक शोधताय. नीट समजावून सांग की त्यांच्या हातामुळेच माल पास होतोय आणि ते कुठे लिहिलेलंच नाहीये. त्यातलाच एखादा पोराला ऑफसेट शिकवायला तयार होतो का ते बघ, प्लस मायनस ५ च्या आत द्यायचा, त्याच्या वर सेटरला बोलवायचं, एवढी मुभा साहेबांकडून लिहून घे.

चाचणीचे आकडे आले की पाठव, वेळेच्या कॉलमसकट.